डबक्यापासून डबक्यापर्यंत: चित्रगोष्टीतून जलचक्र

जलचक्राची तयार चित्रं बहुधा समुद्रापासून सुरू होतात. जालन्यातल्या चार वर्षांच्या मुलीने समुद्र पाहिलेला असेलच असं नाही, पण पावसानंतरचं डबकं तिने नक्की तुडवलेलं असतं. बालवाडीसाठी गोष्ट तिथूनच सुरू करावी.

चार-पाच वर्षांच्या मुलांना सहा चित्रं पुरतात. ए-फोर मापाचा जाड कार्डशीट घ्या. पंधराहून जास्त मुलं असतील तर ए-थ्री. कागद फिकट राखाडी असावा, म्हणजे पांढऱ्या खडूने काढलेला ढग उठून दिसतो. चित्रावर अक्षरं, आकडे आणि बाण नकोत. बाण म्हणजे आकाशात उडणारी काहीतरी वस्तू, असं लहान मुलांना वाटू शकतं.

चित्रांचा क्रम असा: अंगणातलं भरलेलं डबकं आणि पाणी पिणारी चिमणी; ऊन पडलंय, डबकं अर्ध्यावर आलंय; तीच जागा कोरडी; डोंगरावर ढग; कौलांवर पाऊस, वळचणीला पागोळ्या; ओहोळ वाहत येऊन पुन्हा डबकं. पहिल्या तीन चित्रांत दगड, झाड, दोरीवरचे कपडे अगदी त्याच जागी हवेत. पार्श्वभूमी बदलली की मुलं पाणी सोडून बाकीचे फरक शोधत बसतात. दोरीवरचे कपडे मात्र मुद्दाम ओले, मग अर्धे सुकलेले, मग वाळलेले दाखवा.

सगळ्यात अवघड तिसरं चित्र. वाफ डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे चित्रकार तिथे नागमोडी रेषा किंवा पंख फुटलेले थेंब काढतो, आणि मुलांच्या मनात तेच घर करतं. तिथली हवा रिकामीच ठेवा. चहाच्या किटलीतून येणारा पांढरा लोट हीसुद्धा खरी वाफ नव्हे. ते वाफ थंड होऊन झालेले बारीक थेंब असतात. हे मुलांना समजावत बसू नका, पण लोटाकडे बोट दाखवून ‘ही बघा वाफ’ असंही म्हणू नका.

हे चित्र समोर ठेवून एकच प्रश्न विचारा: पाणी कुठे गेलं? ‘ताई, सूर्याने पिऊन टाकलं’, ‘चिमणीने संपवलं’, ‘मातीत गेलं’ अशी उत्तरं येतील. मातीत मुरलं हे उत्तर चूक नाही, थोडं पाणी मुरतंच. म्हणून पुढचा प्रयोग स्टीलच्या ताटलीत करायचा, कारण ताटली पाणी शोषत नाही. तीन सारख्या ताटल्यांत दोन-दोन लहान चमचे पाणी घाला. एक उन्हात, एक सावलीत आणि तिसरी उन्हातच, पण पारदर्शक झाकण घालून. मार्चच्या उन्हात पहिली ताटली तास-दोन तासांत कोरडी होते आणि तिसरीच्या झाकणाला आतून थेंब धरतात. कोकणात जुलैमध्ये हा प्रयोग करू नये. हवा इतकी दमट असते की पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसेल आणि गोष्ट फसेल.

ढगाच्या चित्रासाठी पातेल्यात चार बोटं कडकडीत पाणी घ्या, वर ताट झाका आणि ताटात आठ-दहा बर्फाचे खडे ठेवा. तीन-चार मिनिटांनी मोठ्या माणसानेच ताट उचलावं, वाफ मुलांच्या विरुद्ध बाजूला जाईल असं कलतं करून; वाफेने हात भाजतो. ताटाच्या खालच्या बाजूला थेंब दिसतात. इथे हमखास गडबड होते: बर्फाचंच पाणी खाली झिरपलं, असं मुलं म्हणतात. उपाय सोपा आहे. बर्फ बीटच्या रसाचा करा. वर लाल, खाली थेंब स्वच्छ. मग वाद उरत नाही. ताट निवलं की बोटाने दोन थेंब एकमेकांना लावू द्या. एक मोठा थेंब होतो, जड होतो आणि टपकतो. ढगावर ढग आपटून पाऊस पडतो ही समजूत शब्दांनी जात नाही, अशा थेंबांनी ती सैल होते.

गोष्ट सांगताना कार्डं जमिनीवर गोलात मांडा आणि दर वेळी वेगळ्या कार्डापासून सुरू करा. भिंतीवर रांगेत लावली की सहाव्या चित्रावर गोष्ट ‘संपते’. एका बैठकीला दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली. ‘बाष्पीभवन’ वगैरे शब्द शाळेत पुढे येतीलच. आत्ता ‘सुकलं’, ‘वाफ झाली’, ‘थेंब जमले’ एवढं बास.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गावाप्रमाणे दोन कार्डं वाढवा. चिपळूणचं पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतं. नाशिकचं मात्र गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात जातं, पाऊस आणणारे ढग अरबी समुद्राकडून आलेले असले तरी. म्हणजे पाणी निघालं तिथेच परत येईल असं नाही. उरण-पेणकडच्या मुलांना मिठागराचं कार्ड द्या: पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पावसाचं पाणी खारट का नसतं, हे तिथे आपोआप कळतं.

एक कार्ड कोरं ठेवा. ‘मी प्यालेलं पाणी कुठे जातं?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. घाम आणि शू ही उत्तरं सरळ सांगा, हसू द्या, आणि मुलांनाच ते कार्ड काढून गोलात जागा शोधू द्या.