‘पर्स’ या शब्दाचे मूळ कसे शोधावे

रोजच्या वापरातल्या शब्दाचे मूळ शोधायचे असेल, तर आज आपण तो शब्द नेमक्या कोणत्या वस्तूसाठी वापरतो, हे आधी लिहून ठेवावे. मराठीत बाईच्या खांद्याला असते ती पर्स, पुरुषाच्या खिशात असते ते पाकीट आणि आजीच्या कमरेला खोचलेला असतो तो बटवा. इंग्लंडात मात्र ‘पर्स’ म्हणजे सुट्या पैशांची लहान पिशवी. शोध घेताना ही जुनी, लहान वस्तूच डोळ्यांसमोर ठेवावी.

मराठी कोश आपल्याला इंग्रजीपर्यंत नेऊन सोडतो. पुढच्या वाटेसाठी व्युत्पत्ती देणारा इंग्रजी कोश उघडावा. तिथे दिसते की हा शब्द प्राचीन इंग्रजीत उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘बुर्सा’वरून आला आणि ‘बुर्सा’ ग्रीक ‘बिर्सा’वरून, ज्याचा अर्थ जनावराचे सोललेले कातडे. पिशवी कातड्याची असे, म्हणून कातड्याचे नाव पिशवीला मिळाले. ‘ब’चा ‘प’ होण्यामागे पिशवी याच अर्थाच्या ‘पुसा’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा प्रभाव असावा, असे अभ्यासक मानतात.

यानंतर शब्दाची भावंडे शोधावीत. मला या कामातला हाच भाग सर्वांत आनंदाचा वाटतो. गोव्यात कोकणीत खिशाला ‘बोल्स’ म्हणतात, तो पोर्तुगिजांमार्फत आलेला ‘बुर्सा’च आहे. कार्यालयात आपण प्रवासखर्चाच्या ज्या ‘रीइम्बर्समेंट’चा अर्ज भरतो, त्याच्या पोटातही पैसे पुन्हा पिशवीत घालण्याचाच अर्थ आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘भारत डायमंड बोर्स’मधला ‘बोर्स’ही त्याच कुळातला आहे, कारण बेल्जियममधल्या ब्रुजेस शहरात व्यापारी ज्या सराईपाशी जमत तिच्या मालकांचे आडनाव याच शब्दावरून आले होते आणि तेच पुढे बाजाराला लागले, असे सांगितले जाते.

मात्र केवळ उच्चार जुळतो म्हणून नाते जोडू नये. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन नगराच्या टेकडीचे नावही ‘बिर्सा’ असेच होते. बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन मागून राणी डायडोने त्या कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि त्यांनी सारी टेकडी वेढली, अशी कथा त्या नावावरून रूढ झाली. प्रत्यक्षात ते नाव कार्थेज वसवणाऱ्या फिनिशियन लोकांच्या भाषेतले असून ग्रीकांच्या कानाला ते आपल्या ओळखीच्या शब्दासारखे वाटले, असे अभ्यासक मानतात.