लाइव्हवर गप्प, डेव्हलपमेंटमध्ये एरर

एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कमधलं अ‍ॅप लाइव्हवर बिनतक्रार चाले, पण बॅकग्राउंड सर्व्हिस शिळा डेटा धरून बसे. डेव्हलपमेंट मोडमध्ये मात्र अ‍ॅप सुरूच होईना: सिंगलटनमधून (अख्ख्या अ‍ॅपसाठी एकच ऑब्जेक्ट) स्कोप्ड सर्व्हिस (एका स्कोपपुरती, उदा. एका रिक्वेस्टपुरती जगणारी) वापरता येत नाही! ही तपासणी डीफॉल्टने फक्त डेव्हलपमेंटमध्ये चालते, जे मला अजून पटलेलं नाही. बॅकग्राउंड सर्व्हिस सिंगलटन असते, त्यामुळे तिने कन्स्ट्रक्टरमधून घेतलेला स्कोप्ड डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) तिच्यासोबत अ‍ॅप बंद होईपर्यंत जगतो, आणि ट्रॅक झालेल्या (त्याने आधीच लक्षात ठेवलेल्या) नोंदी पुन्हा क्वेरी केल्या तरी जुन्याच व्हॅल्यू देतो. कॉन्टेक्स्टही सिंगलटन करा, असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका, कॉन्टेक्स्ट थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरायला सुरक्षित नाही. मी कन्स्ट्रक्टरमध्ये आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी (नवे स्कोप बनवून देणारी) घेतली, दर फेरीला नवा स्कोप काढून त्यातून कॉन्टेक्स्ट मागवला, काम संपलं की डिस्पोज. शिवाय व्हॅलिडेटस्कोप्स (वरची तपासणी चालू करणारं सेटिंग) लाइव्हवरही ट्रू केलं.