ऐतिहासिक गेममध्ये नकाशाचा आकार खेळणाऱ्याला कसा निवडू द्यावा

देवगिरीच्या यादवांपासून निजामापर्यंतचा मराठवाडा घेऊन स्वतःचा स्ट्रॅटेजी गेम किंवा एखाद्या मोठ्या गेमचा मोड (मूळ गेममध्ये आपले बदल करून केलेली आवृत्ती) करायला बसलं, की पहिला वाद ठरलेला: नकाशा केवढा? एकाला परांडा, औसा, नळदुर्ग एवढेच किल्ले लढवायचे असतात. दुसऱ्याला दिल्ली गाठायची असते. तिसऱ्याच्या लॅपटॉपला चारच जीबी रॅम. तेव्हा निवड खेळणाऱ्यावर सोडावी हे बरं, पण ती सोय नकाशा काढायच्या आधीच ठरवावी लागते. मागाहून जोडायला गेलं की अर्धं काम पुन्हा करावं लागतं.

‘सिव्हिलायझेशन’ या गेममध्ये ड्युएलपासून ह्यूजपर्यंत आकार मिळतात, कारण तिथला नकाशा बहुधा दर डावाला नव्याने तयार होतो. आपल्याला गोदावरी लांब-आखूड करता येत नाही. म्हणून इथे आकार म्हणजे चौकट, त्याच नकाशाचा खेळात घेतलेला भाग. अशा तीन चौकटी पुरेत: मराठवाडा, दख्खन, हिंदुस्थान. मेनूतही हीच नावं द्या. ‘लहान, मध्यम, मोठा’ यावरून खेळणाऱ्याला काहीच कळत नाही.

१. एकच मोठा नकाशा काढा. तीन चौकटींचे तीन नकाशे काढू नका, एक दुरुस्ती तीनदा करत बसाल. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’सारख्या गेममध्ये प्रत्येक प्रोव्हिन्सला, म्हणजे नकाशावरच्या प्रदेशाच्या लहानात लहान तुकड्याला, एक वेगळा रंग असतो आणि त्या रंगावरून क्रमांक सापडतो. तीच रीत धरा. गिम्प या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिल वापरा, ब्रश नको. ब्रशने कडेला रंग मिसळतात आणि नसलेले प्रोव्हिन्स उगवतात. फाइल पीएनजी किंवा बीएमपीतच ठेवा. जेपीईजी रंग बिघडवते.

ओळख क्रमांकाने ठेवा, नावाने नको. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली, आज छत्रपती संभाजीनगर आहे. नाव सालाप्रमाणे बदलू द्या, क्रमांक कायम.

२. प्रोव्हिन्सच्या क्रमांकांचा तक्ता करा आणि त्यात थर लावा. प्रत्येक प्रोव्हिन्सपुढे तो कोणत्या परगण्यात (काही गावांचा गट), कोणत्या सुभ्यात (अनेक परगण्यांचा प्रांत), कोणत्या चौकटीत बसतो ते लिहा. याची गरज साध्या हिशेबाने कळेल. आज मराठवाड्यात ७६ तालुके आहेत. तालुक्याला एक प्रोव्हिन्स धरला तर खेळ दाट आणि मजेचा होतो. पण भारत मराठवाड्याच्या सुमारे ५० पट आहे. त्याच दाटीने गेलात तर ३,८०० प्रोव्हिन्स होतील आणि चार जीबीवाला पोरगा हात जोडेल. म्हणून हिंदुस्थानच्या चौकटीत लांबचे परगणे सुभ्यात विलीन करा. थर तक्त्यात असले की हे काम कोड करतो, चित्राला हात लावावा लागत नाही.

३. कात्री कुठे चालवायची ते ठरवा. आजची जिल्ह्याची हद्द बघून कापू नका. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आहेत, ती कड चालते. गोदावरीवर मात्र कापलं की फसलात: पैठण आत राहतं आणि मुंगी-शेवगाव बाहेर जातं, जिथे ६ मार्च १७२८ रोजी निजाम आणि बाजीरावांचा तह झाला. चौकटीबाहेर एक-दोन प्रोव्हिन्सची पट्टी जास्तीची घ्या.

४. वेशी बांधा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाजीराव आणि निजामाची लढाई झाली ते पालखेड वैजापूरजवळ, म्हणजे मराठवाड्याच्या चौकटीत आरामात बसतं. पण ती मोहीम बसत नाही. १७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीरावांनी जालना-सिंदखेडचा मुलूख लुटला, बऱ्हाणपूरची हूल दिली आणि गुजरातेत उतरले. निजाम पुण्यावर गेला. मग बाजीराव औरंगाबादेकडे वळल्याचं कळताच त्याला माघारी फिरावं लागलं, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला तो पाण्यावाचून कोंडला गेला. यातली बहुतेक धावपळ छोट्या नकाशाबाहेरची आहे. नकाशा नुसता कापला तर बाजीराव भिंतीला धडकून थांबतात.

उपाय असा. काठावरच्या मोजक्या प्रोव्हिन्सना वेशी करा: बऱ्हाणपूर, पुणे, बीदर, हैदराबाद यांच्या वाटांवरच्या. फौज एका वेशीतून बाहेर जाते, ठरलेल्या दिवसांनी दुसऱ्या वेशीतून आत येते. मधल्या काळात ती कुठे आहे ते शत्रूला दिसत नाही. माझ्या मते या हुलकावणीने लहान नकाशा कधीकधी मोठ्यापेक्षा रंगतो.

बाहेरची सत्ताही अशीच ठेवा. ‘क्रुसेडर किंग्ज २’च्या ‘जेड ड्रॅगन’मध्ये चीन नकाशावर नाही, तरी त्याची मर्जी राखावी लागते. आपल्या खेळात ती जागा दिल्लीची. १२९६ मध्ये अलाउद्दीन देवगिरीवर आला, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानीच दौलताबादला आणली. दिल्लीला खजिना, फौज आणि मर्जी असे तीन आकडे दिले तरी भागतं.

५. अंतर बदलू नका. लहान नकाशात फौज हळू आणि मोठ्यात जलद, असं करायचा मोह होतो. टाळा. इब्न बतूताने दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट सांगितली आहे. अंतर साधारण अकराशे किलोमीटर, म्हणजे दिवसाला २७-२८. तिन्ही चौकटींना हाच वेग लावा, वेशीबाहेरच्या दिवसांनाही. बदलायचं ते जिंकण्याचं गणित: मराठवाड्यात पाच किल्ले पुरेत, हिंदुस्थानात नाही.

६. चालवून बघा. प्रत्येक चौकटीत शंभर वर्षांचा डाव संगणकालाच खेळू द्या आणि काठावर नजर ठेवा. फौजा वेशीपाशी साचत असतील तर बाहेर जाण्याचा खर्च फारच कमी ठेवलाय. कुणीच बाहेर जात नसेल तर जास्त आहे.

निवडलेली चौकट सेव्ह फाइलमध्ये नोंदवा. चालू डावात ती लहान करू देऊ नका. मोठी करू द्यायला हरकत नाही, फक्त त्या वेळी वेशीबाहेर असलेल्या फौजांना आधी नकाशावर जागा द्या, नाहीतर त्या गायब होतात.