हार्डवेअर वॉलेट घेताय? सीमाभागातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

हार्डवेअर वॉलेट म्हणजे क्रिप्टो नाण्यांची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र. ते मागवायच्या आधी एक गोष्ट तपासा. तुमची नाणी ज्या अ‍ॅपवर आहेत तिथून ती बाहेर काढता येतात का? भारतातल्या काही अ‍ॅपवर रुपयांत खरेदी-विक्री होते, पण नाणं स्वतःच्या वॉलेटवर पाठवायची सोयच नसते. काहींवर असते, पण त्यासाठी वेगळी मागणी आणि पडताळणी करावी लागते. हे न बघता लेजर किंवा ट्रेझर या कंपन्यांची यंत्रं मागवणारे बेळगावात मला नेहमी भेटतात. डबा कपाटात आणि नाणी अ‍ॅपवरच. मग नाणी विकून दुसरीकडे घेणं एवढाच मार्ग उरतो. विक्री झाली की नफ्यावर ३० टक्के कर, विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, आणि तोटा असेल तर तो दुसऱ्या कशातून वजाही होत नाही.

काढता येत असतील, तर हलवण्याआधी खरेदीचे सगळे हिशेब त्या अ‍ॅपवरून उतरवून घ्या. स्वतःच्या वॉलेटवर नेणं ही विक्री नव्हे. पण पुढे कधी विकाल तेव्हा मूळ किंमत दाखवायला तोच कागद लागतो, आणि तोवर ते अ‍ॅप चालू असेलच असं नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या एक्स्चेंजवरून, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवरून, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. त्यानंतर कित्येक महिने ग्राहकांना आपलीच नाणी काढता येत नव्हती. माझ्याकडे निपाणी, संकेश्वर, खानापूरहून या यंत्रांची चौकशी वाढली ती त्यानंतर.

डब्यातच शब्द छापून आलेत?

मग ते यंत्र वापरू नका. नवं यंत्र तुम्ही सेटअप सुरू केल्यावर स्वतःच्या पडद्यावर इंग्रजी शब्द दाखवतं, बहुधा १२ किंवा २४; त्यांतूनच नाण्यांची किल्ली तयार होते. डब्यात कार्डावर आधीच लिहून आलेले, खरवडून बघायचे शब्द म्हणजे ते आणखी कुणाकडे तरी आहेत. तुम्ही पैसे भरायचे आणि त्यानं काढायचे, असा तो सौदा.

“कोल्हापुरात एकजण निम्म्या किमतीत देतोय, सील पण फोडलेलं नाही की!” हे वाक्य ऐकलं की मी हात जोडतो. सील छापून मिळतात. लेजरचं यंत्र खरं आहे की नाही हे त्यांच्या अधिकृत अ‍ॅपला जोडल्यावर तपासलं जातं. ट्रेझर आतल्या सॉफ्टवेअरशिवाय येतं आणि ते पहिल्या जोडणीत तुमच्यासमोर बसवलं जातं. भरवसा या तपासणीवर ठेवायचा, डब्यावर नाही. यंत्र कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिथे नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

अ‍ॅप उतरवतानाही तेच. गूगलवर शोधून वर दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. २०२३ च्या नोव्हेंबरात लेजरच्या नावाचं नकली अ‍ॅप खुद्द मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर होतं आणि त्यातून लोकांची लाखो डॉलरची नाणी गेली. त्या अ‍ॅपनं यंत्र फोडलं नव्हतं. त्यानं शब्द विचारले आणि लोकांनी ते टाइप केले.

शब्द घरातून बाहेर कसे जातात

इथे जरा थांबतो, कारण बुडालेली बहुतेक प्रकरणं इथलीच आहेत. नाणी त्या यंत्रात नसतातच. ती ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक नोंदवहीत असतात, यंत्रात फक्त किल्ली असते, आणि ती किल्ली त्या १२ किंवा २४ शब्दांतून कुठेही पुन्हा तयार होते. यंत्र हरवलं तरी चालतं. पिन चुकला तर लेजर तिसऱ्या चुकीला आणि ट्रेझर ठरावीक चुकांनंतर स्वतःला पुसून टाकतं, त्यामुळे चोराच्या हाती फारसं काही लागत नाही. शब्दांचा कागद मात्र सही केलेला कोरा चेक आहे.

आणि आपल्याकडे कागद म्हटला की आधी काय करतात? झेरॉक्स. मग लॅमिनेशन. मग “असू दे एक कॉपी” म्हणून मोबाईलवर फोटो, आणि तो फोटो पुण्यातल्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर. फोटो काढल्याक्षणी तो गूगल फोटोजवर चढलेला असू शकतो, मुलाच्या गॅलरीतही उतरतो. झेरॉक्सच्या दुकानात दुसरी प्रत राहते ती वेगळीच. यातला कुणीच चोर नसतो. फक्त शब्द आता पाच ठिकाणी आहेत, आणि त्यातली तीन इंटरनेटला जोडलेली. शब्द हातानं, कागदावर, खोलीत एकट्यानं लिहायचे. पोरगा कितीही गुणी असला तरी “काका, तुम्ही चहा घ्या, मी सेट करून देतो” म्हणणाऱ्या मोबाईल दुकानदाराकडून नाही.

दुसरी चूक फक्त आपल्यासारख्यांची: शब्द देवनागरीत लिहून ठेवणं. इंग्रजी स्पेलिंगची धास्ती असते म्हणून ऐकल्यासारखे उतरवतात. प्रचलित पद्धतीत २,०४८ शब्दांची ठरलेली इंग्रजी यादी आहे. त्यात शांततेचा ‘पीस’ आहे आणि तुकड्याचाही ‘पीस’ आहे. उजव्या बाजूचा ‘राइट’ आहे आणि लिहिण्याचाही ‘राइट’ आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, तीन वर्षांनी कोण सांगणार कुठला होता? इंग्रजी मोठ्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहा. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं यादीत दुसऱ्या कुठल्याच शब्दाशी जुळत नाहीत, म्हणून तेवढी अचूक असली तरी पुरतं.

कागद ठेवायचा कुठे? दागिन्यांच्या डब्यात नको, घरफोडी झाली की तोच डबा आधी उचलला जातो. देवघरात तसबिरीमागे ठेवणारेही आहेत. खानापूरकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, वाळवी तर कुणाला सांगायला नको. जेल पेनची शाई महिन्याभरात पसरलेली मी पाहिलीय. आणि पूर. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचं पाणी चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतल्या घरांत शिरलं. जुलै २०२१ ला यमगर्णीजवळ हमरस्ताच पाण्याखाली गेला. अशा वेळी माणूस जनावरं सोडवतो, म्हाताऱ्यांना उचलतो. शब्दांचा कागद आठवत नाही. नदीकाठच्या गावात राहत असाल तर एक प्रत धातूवर हवीच.

पण यातही आपण एक घोळ घालतो. बेळगावला कारखान्यांची काय कमतरता? उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जायचं, शब्द चिठ्ठीवर द्यायचे आणि स्टीलच्या प्लेटवर लेझरनं छान कोरून आणायचं. प्लेट सुंदर होते. शब्दांची फाईल त्या संगणकावर तशीच राहते. त्यापेक्षा कोरी प्लेट कापून आणा, हार्डवेअरच्या दुकानातून इंग्रजी अक्षरांचे पंच आणा आणि घरी हातोडीनं ठोका. चार-चार अक्षरंच ठोकायची असल्यानं एका दुपारचं काम आहे. प्लेट स्टेनलेस स्टीलची घ्या. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, स्टेनलेस स्टील साधारण १,४०० ला.

दोन प्रती दोन गावांत ठेवा: एक घरी, एक लॉकरला किंवा पुराच्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्या बहिणीकडे, बंद पाकिटात. पहिले बारा शब्द इथे आणि उरलेले बारा तिथे, अशी वाटणी मात्र नको. एक तुकडा हरवला की दुसऱ्याचा उपयोग शून्य. विभागून ठेवायचेच असतील तर ट्रेझरच्या नव्या यंत्रांत त्यासाठी बनवलेली वेगळी पद्धत आहे, ती वापरा.

घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न लोक टाळतात. इथे नॉमिनी नाही, बँकेसारखा वारसाचा अर्ज नाही. शब्द कुणालाच माहीत नसतील तर नाणी तुमच्याबरोबर गेली. सगळ्यांना माहीत असतील तर भाऊबंदकी तुमच्या हयातीतच. माझं मत असं की बायकोला किंवा एका विश्वासाच्या माणसाला एवढं लिहून द्यावं: असं यंत्र आहे, अमुक ठिकाणी प्लेट आहे, ती कुणालाही वाचून दाखवायची नाही, आणि कुणाची मदत घ्यायची. शब्द त्या चिठ्ठीत नकोत.

आणखी एक. यंत्रात थोडीशी रक्कम टाका, मग मुद्दाम यंत्र पुसा आणि कागदावरून पुन्हा उभं करा. रक्कम परत दिसली तरच बाकीची नाणी हलवा. हे करायला लोक घाबरतात. पण लिहिलेले शब्द बरोबर आहेत का, हे कळायचा सगळ्यात पक्का मार्ग हाच. शेवटच्या शब्दात बाकीच्यांची पडताळणी दडलेली असते, म्हणून चुकीचा संच यंत्र बहुधा नाकारतं, आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

शिल्लक शून्य दिसतेय

पुन्हा उभं केल्यावर शिल्लक शून्य दिसली की लोकांच्या पोटात गोळा येतो. आधी हे बघा. अ‍ॅपमध्ये त्या नाण्याचं खातं जोडलंय का? बिटकॉइनची खाती अनेक प्रकारची असतात. पूर्वी एका प्रकारात ठेवली असतील आणि आता दुसरं उघडलं असेल तर रिकामंच दिसणार. आणि सगळ्यात फसवं कारण, पासफ्रेज. तो २४ शब्दांवर तुम्ही स्वतः जोडलेला जादा शब्द. त्यात एक अक्षर चुकलं तरी यंत्र “चूक” म्हणत नाही, मुकाट्यानं वेगळंच रिकामं वॉलेट उघडतं. लहान-मोठं अक्षर, शेवटची रिकामी जागा, सगळं धरलं जातं. नीट समजल्याशिवाय पासफ्रेज लावू नका, असंच मी सांगतो.

यंत्र संगणकाला सापडत नसेल तर बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते. डब्यात आलेली वापरा, हबशिवाय थेट लावा आणि दुसरं वॉलेट किंवा ब्राउझर उघडा असेल तर बंद करा. यंत्राचं सॉफ्टवेअर बदलताना चार्ज असलेला लॅपटॉप वापरा; हेस्कॉमची लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मध्येच बंद पडलं तरी सहसा पुन्हा सुरू करता येतं, पण शब्द हाताशी आहेत याची खात्री केल्याशिवाय अपडेटला हात लावू नका.

यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं नाणं) पाठवताना ते कुठल्या जाळ्यावरून, म्हणजे नेटवर्कवरून जातंय ते बघा. ट्रॉन जाळ्यावरचा वॉलेटचा पत्ता इंग्रजी ‘टी’नं सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सनं. बीएनबी साखळीचा पत्ताही शून्य-एक्सचाच असतो, त्यामुळे त्या जाळ्यावरून स्वतःच्या इथेरियम पत्त्यावर आलेली नाणी बुडालेली नसतात. अ‍ॅपमध्ये ते जाळं जोडलं की दिसतात. तीच चूक एक्स्चेंजच्या पत्त्यावर झाली तर मात्र त्यांच्या मेहरबानीवर. नाणी दिसतात पण हलत नाहीत, अशी तक्रार असेल तर फीचं नाणं नसतं: ट्रॉनवर टीआरएक्स, इथेरियमवर इथर. थोडं आणून टाका. एक्सआरपी हे नाणं एक्स्चेंजला परत पाठवताना टॅग, म्हणजे तुमचं खातं ओळखायला एक्स्चेंजनं दिलेला क्रमांक, विसरू नका.

पत्ता कुठे वाचायचा

यंत्राच्या पडद्यावर. लॅपटॉपच्या नाही. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. ठग सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता बनवून तिथून तुम्हाला नगण्य रक्कम पाठवतात, ती यादीत दिसावी म्हणून. मे २०२४ मध्ये एकानं असाच पत्ता उचलून सुमारे ६.८ कोटी डॉलरचं नाणं पाठवलं होतं. बहुतेक परत मिळालं, हे त्याचं नशीब.

यंत्राच्या पडद्यावर नुसतेच आकडे-अक्षरांचं भेंडोळं आलं आणि काय मंजूर करतोय ते कळत नसेल तर मंजूर करू नका. वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार त्यांच्या प्रकरणात पडद्यावर दिसत होतं एक आणि सही झाली दुसऱ्यावरच. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या परदेशी एक्स्चेंजचे सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेही अशाच दिशाभूल झालेल्या सह्यांवर. त्यांच्याकडे पगारी जाणकार होते. आपण रात्री साडेअकराला टेलिग्रामवरची लिंक उघडून बटण दाबत असतो.

मदत करायला आलेले

२०२० मध्ये लेजरच्या सुमारे २.७ लाख ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर फुटले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी टपालानं नकली यंत्रं आली. म्हणजे कंपनीच्या नावाचं सुबक पत्र तुमच्या नावानं आलं, त्यावर स्कॅन करायचा चौकोन असला आणि “पडताळणीसाठी शब्द भरा” असं लिहिलं असलं, तर ते फाडून टाका. कुठलीही कंपनी, कुठलाही पोलीस, कुठलाही बँकवाला शब्द विचारत नाही.

शब्द फुटल्याचा संशय आला तर पिन बदलून काही होत नाही. दुसऱ्या यंत्रावर नवे शब्द तयार करा आणि उरलेली नाणी त्या नव्या वॉलेटवर लगेच हलवा, तक्रार त्यानंतर. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणं आहे. जाताना व्यवहाराचा हॅश (त्याचा लांबलचक ओळखक्रमांक), दोन्ही पत्ते, वेळ आणि एक्स्चेंजचा हिशेब छापून न्या. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली गेली तर ओळखीच्या कन्नड जाणणाऱ्याकडून सहीआधी वाचून घ्या. हॅश आणि पत्ते त्यात इंग्रजी अक्षरांत, एकही अक्षर न गाळता उतरलेत का, ते तुमच्याकडच्या कागदाशी स्वतः ताडून बघा.