प्रेग्नन्सीत बीपी वाढलंय? घरी कसं मोजायचं आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं

माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात बीपी निघालं, तेव्हा घरात जो तो सांगत होता मीठ सोड, पडून रहा, पण बाळाचं वजन मागे पडतंय त्याचा बीपीशी काय संबंध हे कुणालाच धड माहीत नव्हतं. म्हणून लिहितेय.

वार (प्लासेंटा, जिच्यातून बाळाला रक्त मिळतं) रुजते तेव्हा पहिल्या चार-पाच महिन्यांत गर्भाशयातल्या आईच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद, सैल होतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. प्रीएक्लॅम्पसियात (प्रेग्नन्सीत बीपी वाढून किडनी-लिव्हरवरही ताण येतो तो आजार), विशेषतः लवकर सुरू होणाऱ्यात, हे काम अर्धवट राहतं. मग रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात असे काही पदार्थ सोडते की तिच्या अंगभर रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं. म्हणजे बीपी कळतं दंडावर पण बिघाड बरेचदा वारेत आधीच झालेला असतो, मीठ तोडून तो भरून निघत नाही.

बीपी मोजायच्या आधी लघवीला जाऊन या, अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला. पट्टा उघड्या दंडावर, ड्रेसच्या बाहीवरून नाही (वहिनी पहिले चार दिवस बाहीवरूनच मोजत होती!), आणि मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाने परत मोजा, दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहा. 140/90 किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, 160/110 आलं तर फोन-बिन नाही, सरळ हॉस्पिटल. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तरी तेच, मग आकडा कितीही असो. गाडी नसेल तर 108.

आता रिपोर्ट. एचसी म्हणजे डोक्याचा घेर, एसी म्हणजे पोटाचा. रक्त कमी पडलं की बाळ आधी मेंदूला पुरवतं, लिव्हरमधला साठा आटतो, म्हणून बरेचदा पोटाचा घेर आधी मागे पडतो आणि डोकं नॉर्मल दिसतं. वजन 10 पर्सेंटाइलच्या खाली (म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांतल्या सगळ्यात हलक्या दहांत) असेल तर विचारायलाच हवं, पण एका स्कॅनवरून घाबरू नका, काही बाळं मुळातच लहान चणीची असतात, दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या स्कॅनमध्ये वाढ झाली का ते महत्त्वाचं. बाळाभोवतीचं पाणी म्हणजे या दिवसांत बहुतेक त्याची लघवीच, त्यामुळे किडनीला रक्त कमी गेलं की पाणीही कमी होतं. डॉपलरमध्ये नाळेतलं रक्त दोन ठोक्यांच्या मधेही पुढे वाहत राहायला हवं, तिथे ॲबसेंट (मधे प्रवाहच नाही) किंवा रिव्हर्स्ड (उलटा वाहतोय) लिहिलं असेल तर रिपोर्ट घरी न नेता तिथूनच डॉक्टरांकडे जा.

बीपीच्या गोळ्या आईला जपतात, वार दुरुस्त करत नाहीत, म्हणून कधीकधी डिलिव्हरी लवकर करावी लागते. 34 आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देतात, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. पुढच्या वेळी दिवस गेले की पहिल्याच व्हिजिटला हे सगळं सांगा, कमी डोसची ॲस्पिरिन द्यायची तर ती शक्यतो 16 आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी, मनाने मात्र घेऊ नका.

आणि बाळंतपण झालं म्हणून मशीन लगेच कपाटात टाकू नका, त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी परत चढू शकतं.