जुन्या डोझरचं ट्रान्समिशन ऑइल कुठून गळतंय?

तेल जिथे टपकतं तिथेच गळती आहे असं धरून सील मागवू नका. बेली गार्डवर, म्हणजे मशीनच्या पोटाखालच्या लोखंडी पत्र्यावर, तेल पसरतं आणि भलत्याच कोपऱ्यातून थेंब पडतो. ब्लेड जमिनीवर टेकवा, ब्रेक लॉक करा, इंजिन बंद करा. मग गार्ड उतरवा. तो जड असतो, जॅकचा आधार दिल्याशिवाय बोल्ट सोडू नका. मग सगळं धुऊन कोरडं करा. हा कंटाळा केलात तर पुढचं सगळं वाया.

आता मशीन गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघा. सर्वात वरचा ओला भाग म्हणजे उगम. युनिव्हर्सल जॉइंटभोवती (शाफ्टला जोडणारा फिरता सांधा) तेलाचे शिंतोडे गोल उडालेले दिसले, तर शाफ्टचं सील गेलं समजा. होजवर हात फिरवू नका. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. गळती शोधायला पुठ्ठा धरा.

नवं सील टाकण्याआधी ब्रीदर, म्हणजे केसमधली हवा बाहेर सोडणारी नळी, नक्की उघडून बघा. तो मातीने चोंदला की आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

बाहेर थेंब नाही, तरी तेलाची लेव्हल उतरतेय? मग तेल आतल्या आत दुसरीकडे जात असेल. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग आहे का आणि बेव्हल गिअरच्या केसमध्ये तेल वाढलंय का, ते तपासा.