गिरगावातल्या वाड्या पायी पाहताना
गिरगावातल्या जुन्या वाड्या पायी पाहायच्या असतील, तर रविवारी सकाळी आठच्या आत चर्नी रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे बाहेर पडावे. वर्दळ वाढल्यावर मान वर करून चालणे अवघड होते, आणि पाहण्यासारखे बरेचसे वरच असते. खोताच्या वाडीतील लाकडी कठड्यांचे व्हरांडे आणि घराबाहेरून चढणारे जिने सावकाश पाहावेत, मात्र ही राहती घरे असल्याने दारात कुणी बसलेले दिसल्यास विचारूनच छायाचित्र घ्यावे. तेथून केशवजी नाईकांच्या चाळीकडे वळावे, जेथे १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. उत्सवाच्या दिवसांत तेथे मूर्तीचे दर्शन होते, चाळ मात्र निवांत पाहता येत नाही.